अण्णांचा प्रोस्टेट कॅन्सर आणि वीस दिवसांचं रेडिएशन: सोलापूरहून दोन वर्षांचा अनुभव

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचा बायोप्सीचा रिपोर्ट आला, तो बरोबर अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी. सगळं सोलापूर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) तयारीत, आणि मी रात्री दीड वाजेपर्यंत मोबाईलवर मराठीत काही सापडतंय का ते धुंडाळत बसलेलो. घरगुती उपायांचे ढीग सापडले. पण लाईट (रेडिएशन) घेतल्यावर माणसाची पुढची वर्षं कशी जातात, लघवीचं काय होतं, आजार परत येतो का, हे साध्या भाषेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपलं निभावलं की लिहायचं, हे त्याच रात्री ठरवलं होतं. मी डॉक्टर नाही. कुठे चुकलो तर जाणकारांनी हक्काने दुरुस्त करा.

अण्णा तेव्हा ६९ वर्षांचे. चाळीस वर्षं यंत्रमागावर, त्यातली शेवटची पंधरा जॉबर म्हणून. रात्री चार-पाच वेळा उठायचे, धार बारीक झालेली. "वय झालं की व्हायचंच" म्हणून दीड वर्ष काढलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी प्रोस्टेटची गोळी लावली, आराम पडला. मग कुणीतरी सुचवलं म्हणून पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) केला. आला ६.८. "थोडा जास्त आहे, सहा महिन्यांनी परत बघू," असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण आमचे आणखी सहा महिने यातच गेले असते. दुसऱ्या एका कामासाठी युरॉलॉजिस्टकडे गेलो होतो. त्यांनी रिपोर्ट बघायच्या आधी गोळीची पट्टी मागितली. गोळी ड्युटास्टेराइडची होती. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त घेतली असेल तर पीएसए जवळजवळ निम्म्यावर येतो, त्यामुळे रिपोर्टमधला आकडा दुप्पट धरायचा असतो. म्हणजे अण्णांचा खरा पीएसए १३.६. घरात कुणी ही गोळी घेत असेल तर आजच पट्टीवरचं नाव वाचा.

मग एमआरआय झाला. डाव्या बाजूला गाठ, पण ग्रंथीच्या आवरणाच्या आत. बायोप्सीत ग्लीसन (आजार किती आक्रमक ते सांगणारा आकडा) ४+३, म्हणजे ७. बेरीज तीच असली तरी ४+३ हा ३+४ पेक्षा वरचा. "सुई लागली की कॅन्सर पसरतो" असं निम्म्या गल्लीने येऊन आईला ऐकवलं. ती दोन दिवस जेवली नाही. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं की बायोप्सीने हा आजार पसरत नाही आणि तिच्याशिवाय उपचार ठरवता येत नाही. आजार अंगात इतरत्र गेलाय का ते बघणाऱ्या पीएसएमए पेट स्कॅनसाठी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. हाडं साफ, लिम्फ गाठी साफ. आजार जागच्या जागी.

एका ठिकाणी आम्हाला सांगितलं, "उद्या ॲडमिट करा, परवा काढून टाकू." रेडिएशन हाही मार्ग आहे हे सांगितलंच नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "ते ज्यांना ऑपरेशन झेपत नाही त्यांच्यासाठी." त्या वाक्याचा मला आजही राग आहे, कारण ते खरं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पाऊण तास दिला आणि म्हणाले, "हा आजार घाई करत नाही, तुम्हीही करू नका. दोन-तीन आठवडे घ्या, घरात बोला."

त्यांनी इंग्लंडमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासाची माहिती दिली. जागच्या जागी असलेला प्रोस्टेट कॅन्सर सापडलेल्या १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले: एकावर नुसती नजर, दुसऱ्याचं ऑपरेशन, तिसऱ्याला रेडिएशन. १५ वर्षांचा हिशेब २०२३ मध्ये छापून आला. प्रोस्टेट कॅन्सरने गेले ते तिन्ही गटांत शंभरात साधारण तीन. नजर ठेवलेल्यांत ३.१, ऑपरेशनवाल्यांत २.२, रेडिएशनवाल्यांत २.९, आणि हा फरक नगण्य. आजार अंगात इतरत्र पसरला तो नजर ठेवलेल्यांत शंभरात ९, बाकी दोन्हीकडे ५च्या आसपास. आईला मी हे तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात. मग ज्यात कमी खड्डे ते बघा."

तरी एक सांगतो. त्या अभ्यासातल्या बहुतेकांचा आजार तपासणीत लवकर सापडलेला, सौम्य होता. आपल्याकडे माणूस त्रास झाल्यावर डॉक्टरकडे जातो. तेव्हा तो आकडा जसाच्या तसा आपल्या वडिलांना लावू नका. अण्णांचा ४+३ त्या सरासरीपेक्षा जरा वरचा, म्हणून त्यांना सहा महिने हार्मोनचं (पुरुषी हार्मोन दाबणारं) इंजेक्शन जोडून दिलं, तीन महिन्यांनी एक असं दोनदा.

रेडिएशन सोलापुरातच घेतलं. २० दिवस, रोज ३ ग्रे (किरणांच्या डोसचं माप), एकूण ६० ग्रे. शनिवार-रविवार सुट्टी. त्याआधी सुईने ग्रंथीत तांदळाच्या दाण्याएवढे सोन्याचे तीन कण बसवले. प्रोस्टेट स्वतः रोज थोडी हलते. वर मूत्राशय, मागे गुदाशय, ते भरतात-रिकामे होतात तशी ती मिलिमीटरांनी सरकते. रोज झोपवल्यावर मशीन आधी तिथल्या तिथे स्कॅन काढतं, सोन्याचे कण कुठे आहेत ते बघतं, टेबल तेवढंच सरकवतं आणि मग किरण सोडतं. टार्गेटेड म्हणतात ते हे.

म्हणूनच नियम दोन: मूत्राशय रोज सारखंच भरलेलं आणि पोट साफ. ऐकायला सोपं आहे, पण दिवस होते एप्रिल-मेचे, पारा ४२-४३. पाणी प्यायलं की घामावाटेच जायचं. तिसऱ्या दिवशी अण्णांना टेबलावर घेतलं आणि खाली उतरवलं. मूत्राशय अर्धंच भरलेलं, शिवाय गुदाशयात गॅस. टेक्निशियन भला माणूस. त्याने अण्णांना आत बोलावून स्क्रीन दाखवली: ही कालची रेघ, ही आजची. गॅसने ग्रंथी पुढे ढकललेली होती. अण्णा बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "धोटा सूतभर सरकला तरी कापडात डाग पडतो. कळलं मला." त्या दिवसापासून त्यांनी सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. स्टीलच्या बाटलीला बाहेरून लाल दोरा बांधला, ५०० मिलीच्या खुणेवर. घरून निघताना लघवी, मशीनच्या वेळेआधी बरोबर ४५ मिनिटं दोऱ्यापर्यंतचं पाणी, मग काही नाही. हरभरा, वाटाणा, कोबी बंद. शेंगाचटणीसुद्धा बंद, आणि सोलापूरच्या माणसाला हे सांगणं सोपं नाही. रात्री इसबगोल. उरलेल्या १७ दिवसांत एकदाही परत पाठवलं नाही.

त्रास झाला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लघवीला जळजळ, रात्री सात-आठ वेळा उठणं. गोळ्यांनी कमी झालं, संपल्यावर दीड महिन्यात पूर्ववत. हार्मोनच्या इंजेक्शनाने अंगातून वाफा यायच्या, तेही मे महिन्यात. बिचारे ओला पंचा खांद्यावर टाकून अंगणात बसायचे. चिडचिड वाढली, स्नायू उतरले. चौदाव्या महिन्यात शौचाला थोडं रक्त गेलं. तपासून सांगितलं की किरणांनी आतलं अस्तर नाजूक झालंय, आपोआप बसेल, आणि बसलं.

आता पीएसए. तीन महिन्यांनी ०.०५. वर्षाने ०.५. दीड वर्षाने ०.९. तो कागद बघितल्यावर मी गाडी कंबर तलावापाशी उभी केली आणि दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. डॉक्टर शांत होते. रेडिएशनमध्ये ग्रंथी अंगातच राहते, त्यामुळे पीएसए शून्य होत नाही. हार्मोनचा असर उतरला की थोडा चढतो, आणि बऱ्याच जणांत वर्ष-दोन वर्षांनी उगाच उसळी मारून खाली येतो. आजार परतला असं म्हणायचं ते आकडा आपल्या सर्वांत कमी नोंदीपेक्षा पूर्ण २ने वर गेला तर. अण्णांच्या बाबतीत २.०५. मागच्या महिन्यात परत केला: ०.४. लॅब तीच ठेवली होती.

कुणाला काही विचारायचं असेल तर इथेच विचारा, म्हणजे सगळ्यांच्या कामी येईल.

*

माढेकर

दादा, मनापासून आभार. आमच्या दादांचं (वडील, ७३) परवाच निदान झालं. ग्लीसन ३+४, पीएसए ९. पुण्यात एकांनी ५ दिवसांत संपवू म्हणून सांगितलं, इथे २० दिवस म्हणतात. ५ दिवसांत भागत असेल तर २० दिवस कशाला? आणि पाचात भागतंय म्हणजे अर्धवट तर नाही ना? माढ्याहून रोज सोलापूर म्हणजे मला सगळी शेती वाऱ्यावर सोडावी लागेल.

*

किरणविभाग

मी याच क्षेत्रात डॉक्टर आहे. बाळीवेसकरांनी फार नेमकं लिहिलंय, विशेषतः ड्युटास्टेराइडबद्दल.

माढेकर, पाच दिवसांचा उपचार अर्धवट नाही. रोजचा डोस मोठा असतो, म्हणून दिवस कमी. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना लहान लहान डोसपेक्षा मोठे डोस जास्त लागू पडतात, त्यामुळे एकूण डोस आकड्याने कमी दिसला तरी असर तेवढाच होतो. पूर्वी आम्ही ३७-३९ दिवस द्यायचो. ३,२१६ रुग्णांच्या चिप अभ्यासाचे निकाल २०१६ मध्ये आले. ३७ दिवस घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांनी ८८.३ टक्के आजारमुक्त, २० दिवसवाले ९०.६ टक्के. तेव्हापासून २० दिवस हा पायंडा पडला. अण्णांनी घेतला तो हाच कोर्स.

पाच दिवसांचा मोठा अभ्यास म्हणजे पेस-बी, निकाल २०२४ मध्ये छापून आले. ८७४ रुग्ण. पाच दिवसवाले पाच वर्षांनी ९५.८ टक्के ठीक, जास्त दिवसवाले ९४.६ टक्के. म्हणजे बरोबरीत. पण त्यात रुग्ण निवडून घेतले होते: ग्लीसन ३+४ पर्यंत, पीएसए २० पर्यंत, हार्मोन नाही. तुमच्या वडिलांची केस यात बसते, अण्णांची ४+३ बसत नव्हती. त्यामुळे दोघांना वेगवेगळा सल्ला मिळाला, यात कुणी फसवत नाहीये.

दुसरी बाजूही ऐका. पाच वर्षांत कधी ना कधी औषध लागेल इतपत लघवीचा त्रास पाच दिवसवाल्यांत २६.९ टक्के, दुसऱ्या गटात १८.३ टक्के. वडिलांना आधीच लघवी अडकत असेल, ग्रंथी मोठी असेल तर हा फरक महत्त्वाचा. त्यांना विचारा: रात्री किती वेळा उठता, लघवीनंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते? सोनोग्राफीत ते कळतं. ग्रंथी फार मोठी आणि शिल्लक जास्त असेल तर मी स्वतः २० दिवस निवडेन. तसं नसेल तर शेती सोडू नका, पाच दिवसांचा विचार करा. मात्र जिथे रोज स्कॅन काढून मगच किरण सोडतात तिथेच. पाचच डोस असतात तेव्हा प्रत्येक डोस नेमका बसावाच लागतो.

*

वैजयंती_पं

मी पत्नी म्हणून लिहितेय. या धाग्यावर सगळे मुलगेच बोलतायत, म्हणून धीर करून लिहिते.

आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं, चार वर्षं झाली. वय ६१ होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पीएसए ०.०१च्या खाली आहे, डॉक्टरांबद्दल काही तक्रार नाही. पण घरी आल्यावर खोकला आला तरी कपडे ओले व्हायचे. हे शाळेत शिक्षक. पॅड लावून वर्गात उभं राहायला यांना सात महिने लागले. आजही प्रवासात एक लावतात. त्याबद्दल आम्हाला आधी कुणी आकडे सांगितले असते तर निदान मनाची तयारी झाली असती.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल तर आपल्याकडे कुणी तोंडच उघडत नाही. डॉक्टर "या वयात काय आता" असं म्हणून पुढचा पेशंट बोलावतात. ६१ वर्षांच्या माणसाला ते विचारायचं असतं आणि विचारता येत नाही. बायकोने विचारलं तर बघतातच. कृपा करून बायकांनी विचारा.

*

किरणविभाग

वैजयंतीताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. आकडे देतो.

प्रोटेक्टमध्ये सहा वर्षांनी पॅड लागत होतं ते ऑपरेशनवाल्यांत १७ टक्के, रेडिएशनवाल्यांत ४ टक्के. पेस-ए नावाच्या लहान अभ्यासात दोन वर्षांनी रोज पॅड वापरणारे ऑपरेशनमध्ये ३२ पैकी १६, पाच दिवसांच्या रेडिएशनमध्ये ४६ पैकी ३. ताठरता संबंधापुरती टिकली ती प्रोटेक्टमध्ये सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत १२ टक्के, रेडिएशनवाल्यांत २२ टक्के. सहा वर्षांनी १७ आणि २७. म्हणजे रेडिएशनमध्येही उणीव येते, फक्त हळूहळू. आणि हार्मोन सुरू असेपर्यंत इच्छाच राहत नाही, हे जोडप्याला आधी सांगायलाच हवं.

रेडिएशनची उधारी शौचाच्या बाजूला असते. बारा वर्षांनी शौचावरचा ताबा थोडाफार सुटणं रेडिएशनवाल्यांत १२ टक्के, इतरांत ६ टक्के. म्हणून एकच पद्धत सगळ्यांना उत्तम, असं मी कधीच म्हणणार नाही.

बाळीवेसकर, तुमच्या चौदाव्या महिन्याच्या प्रसंगावरून सगळ्यांना: प्रोस्टेटच्या रेडिएशननंतर रक्त गेलं तर दुर्बीण टाकणाऱ्या डॉक्टरांना रेडिएशन झालंय हे आधी सांगा. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा विनाकारण काढला तर ती जखम लवकर भरत नाही, मोठी अडचण होऊ शकते.

*

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड

आमच्या मामांना ऑपरेशनवाल्यांनी सांगितलं की रेडिएशन आधी घेतलं तर पुढे ऑपरेशन करता येत नाही, आणि किरणांनी दुसराच कॅन्सर होतो. हे खरं की भीती घालणं?

*

किरणविभाग

दोन्हींत तथ्य आहे, पण माप लावून बघायला हवं. ऑपरेशननंतर आजार उरला तर रेडिएशन देता येतं, ही ऑपरेशनची जमेची बाजू. उलट क्रमाने ऑपरेशन अशक्य नाही, पण अवघड, आणि लघवीचा त्रास बराच वाढतो. म्हणून मामा पन्नाशीतले असतील तर हा मुद्दा वजनदार. पंच्याहत्तरीचे असतील तर फारसा नाही. किरणांनी पुढे मूत्राशयाचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, पण तो थोडा असतो आणि दहा-पंधरा वर्षांनंतरचा. इथेही वय बघूनच ठरवायचं.

*

बार्शीकर_कन्या

माझ्या वडिलांचा ग्लीसन ९, पीएसए ३८, पेट स्कॅनमध्ये बाहेर काही नाही. इथल्या आकड्यांवर त्यांनी हुरळून जायचं का घाबरायचं? आम्ही बार्शीचे. कॅन्सरच्या नोंदींसाठी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी आमच्याच तालुक्यात १९८७ ला सुरू झाली, पण स्वतःच्या घरात आल्यावर काही सुचत नाही.

*

किरणविभाग

दोन्ही नको. तुमच्या वडिलांचा आजार जागच्या जागी असला तरी वरच्या जोखमीचा आहे. वरचे बहुतेक आकडे त्यांच्यासारख्यांचे नाहीत. त्यांच्यासाठीचा उत्तम अभ्यास आपल्याच मुंबईत झालाय, टाटा मेमोरियलला, डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांचा, पॉप-आरटी. निकाल २०२१ चे. २२४ रुग्ण, सगळे वरच्या जोखमीचे. एका गटाला फक्त प्रोस्टेटवर किरण, दुसऱ्याला प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातल्या लिम्फ गाठींवरही. पाच वर्षांनी पीएसए ताब्यात राहिला तो पहिल्या गटात ८१.२ टक्के, दुसऱ्यात ९५ टक्के. आयुर्मानात तोपर्यंत फरक दिसला नव्हता, आणि लघवीचा त्रास दुसऱ्या गटात जास्त. तरी वरच्या जोखमीला ९५ टक्के हा आकडा माझ्या शिकण्याच्या काळात कुणी मानलाही नसता.

डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: ओटीपोटाच्या गाठींवर किरण देणार का, आणि हार्मोन किती दिवस? वरच्या जोखमीला सहा महिने पुरत नाहीत. साधारण दीड ते तीन वर्षं लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही.

एमआरआयमध्ये मुख्य गाठ ठळक दिसत असेल तर तेवढ्याच जागेला जास्तीचा डोस देता येतो का, हेही विचारा. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये ५७१ रुग्णांवर फ्लेम नावाचा अभ्यास झाला. पूर्ण ग्रंथीला ७७ ग्रे आणि दिसणाऱ्या गाठीला ९५ ग्रेपर्यंत दिल्यावर पाच वर्षांनी ९२ टक्के ठीक होते, साध्या पद्धतीत ८५ टक्के, आणि त्रास लक्षात येण्याइतका वाढला नाही. मात्र मूत्राशय-गुदाशयाची मर्यादा ओलांडायची नाही, हा त्यांचा पक्का नियम होता.

*

बार्शीकर_कन्या

डॉक्टर, बाबांना वाचून दाखवलं. ते इतके दिवस "किती महिने" एवढंच विचारत होते. आज पहिल्यांदा "इंजेक्शन कधी" असं विचारलं.

*

पाखरपेठ

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण रुग्णालय योजनेत आहे का, आणि डॉक्टर सांगतात ती पद्धत त्या पॅकेजमध्ये येते का, हे आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाकडून) आधी विचारून घ्या. मंजुरी यायच्या आधी उपचार सुरू करू नका, नंतर पैसे परत मिळवताना फार वणवण होते. माझी झाली.

पुण्या-मुंबईला जात असाल तर रेल्वेचा सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मी वडिलांना असंच नेत होतो.

*

माढेकर

सगळ्यांचे आभार. सोनोग्राफी करून घेतली. ग्रंथी ३८ ग्रॅम, लघवीनंतर शिल्लक २० मिली. दोन्ही डॉक्टरांना हा धागा दाखवून विचारलं. इथल्या डॉक्टरांनीही पाच दिवसांना होकार दिला, एक दिवसाआड. सोन्याचे कण कालच बसवले, सिम्युलेशन (उपचाराआधीचा आखणीचा स्कॅन) पुढच्या गुरुवारी.

बाळीवेसकर दादा, एकच राहिलं. दोरा ५०० मिलीवर बांधला तर ४५ मिनिटं हिवाळ्यातपण तेवढीच ठेवायची का? आमचे दादा थंडीत अर्ध्या तासातच उठतात.

*

बाळीवेसकर

नाही, आमचं माप उन्हाळ्याचं होतं. सिम्युलेशनच्या दिवशी किती पाणी पिऊन किती वेळाने मूत्राशय भरलं ते तिथे लिहून घ्या, तेच दादांचं माप. गुरुवारच्या आधी दोन दिवस घरी करून बघा, घड्याळ लावून. आणि बाटली सिम्युलेशनलाही तीच न्या. अण्णा म्हणतायत, त्यांची बाटली रिकामीच आहे, हवी असेल तर शनिवारी घेऊन जा. दोरा अजून आहे.